रायपूर, नियामे आणि मैत्रीचे तह

*फ्रान्स आणि नायजर यांचे राजनैतिक संबंध २०२३ मध्ये ज्या रीतीने विकोपाला गेले, ती हकीकत पश्चिम आफ्रिकेतली आहे. परंतु तिच्यातील फौज, खजिना आणि खनिजाची कलमे नागपूर-छत्तीसगडच्या इतिहासाला परकी नाहीत. दुबळ्या राज्याने बलाढ्य राज्याशी केलेल्या मैत्रीचा हिशेब कसा मांडायचा, हा प्रश्न दोन्हीकडे एकच आहे.*

रायपूर : छत्तीसगडच्या विधानसभेच्या नव्या वास्तूचे उद्घाटन १ नोव्हेंबर २०२५ रोजी नवा रायपूर येथे झाले, तेव्हा राज्याच्या स्थापनेला पंचवीस वर्षे पूर्ण झाली होती. रायपूर राजधानी केव्हा झाले, असे कोणी विचारले तर १ नोव्हेंबर २००० ही तारीख सांगितली जाते आणि ती बरोबरच आहे. परंतु छत्तीसगडचा कारभार रतनपूरहून हलवून रायपूरला आणण्याचा निर्णय त्याच्या १८२ वर्षे आधीच झाला होता. तो नागपूरच्या भोसल्यांनी घेतला नव्हता, रतनपूरच्या जुन्या राजघराण्याने घेतला नव्हता आणि येथील रयतेला तर त्याविषयी कोणी विचारलेही नव्हते. ईस्ट इंडिया कंपनीच्या एका लष्करी अधिकाऱ्याने १८१८ मध्ये ते ठरवले. विशेष म्हणजे त्या वेळी छत्तीसगड कंपनीच्या मुलुखात नव्हते. कागदोपत्री ते नागपूरच्या राजाचेच होते आणि हा राजा कंपनीचा ‘मित्र’ म्हणवला जात होता.

अशीच एक राजधानी पश्चिम आफ्रिकेत आहे. नायजर या देशाचा कारभार फ्रेंचांनी प्रथम झिंडर येथून चालवला. झिंडर ही दमागरम या सलतनतीची जुनी राजधानी. १९२६ मध्ये फ्रेंचांनी ती मोडून नायजर नदीकाठच्या नियामे येथे कारभार नेला. स्वातंत्र्यानंतरही राजधानी तेथेच राहिली. शेजारचा नायजेरिया ब्रिटिशांकडे होता, नायजर फ्रेंचांकडे. नावातील साम्यामुळे या दोहोंची गल्लत अनेकदा होते. त्याच नियामेमध्ये २०२३ च्या ऑगस्ट-सप्टेंबरात फ्रान्सचा राजदूत आपल्याच वकिलातीत जवळजवळ कोंडला गेला आणि सहा दशकांच्या मैत्रीचा शेवट कसा होऊ शकतो, हे जगाने पाहिले.

वकिलाचा मुक्काम

नागपूरकर भोसल्यांचे कंपनीशी असलेले संबंध युद्धाने सुरू झाले नाहीत. ते वकिलांच्या ये-जा करण्याने सुरू झाले. कंपनीतर्फे आलेला जॉर्ज फॉर्स्टर १७९१ मध्ये नागपुरातच वारला. त्यानंतर १७९९ मध्ये संस्कृतचा विद्वान म्हणून पुढे प्रसिद्धी पावलेला हेन्री कोलब्रुक आला. टिपू सुलतानाचा पाडाव नुकताच झालेला होता आणि भोसल्यांनी कंपनीशी संरक्षणाचा करार करावा, ही त्याची कामगिरी होती. दुसऱ्या रघुजींनी त्याला सन्मानाने ठेवून घेतले, परंतु सही काही दिली नाही. १८०१ मध्ये कोलब्रुक रिकाम्या हाताने परत गेला. ‘नाही’ म्हणण्याची मोकळीक असलेल्या दरबाराची ही अखेरची मोठी खेळी होती.

दोनच वर्षांत चित्र पालटले. असई, अडगाव आणि गाविलगड येथील पराभवांनंतर १७ डिसेंबर १८०३ रोजी देवगावचा तह झाला. बालासोर बंदरासह कटकचा प्रांत आणि वर्धा नदीच्या पश्चिमेकडील वऱ्हाड भोसल्यांच्या हातून गेले. मुलुख गेल्याची हळहळ त्या वेळी सर्वांनी केली. तथापि त्याच तहातील दुसरी दोन कलमे अधिक दूरगामी ठरली. कंपनीशी शत्रुत्व असलेल्या युरोपीय राष्ट्रांच्या माणसांना नोकरीत ठेवायचे नाही, हे एक. दोन्ही दरबारांनी एकमेकांकडे आपले अधिकृत वकील ठेवावेत, हे दुसरे. शब्दांत दोन्ही बाजू समान होत्या. व्यवहारात मात्र भोसल्यांचा वकील कलकत्त्यात एका मोठ्या सत्तेच्या दारी बसलेला होता आणि कंपनीचा रेसिडेंट नागपुरात सीताबर्डीच्या टेकडीजवळ, राजवाड्यावर नजर ठेवून होता.

१८०४ मध्ये तेथे माऊंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन आला आणि त्याच्यानंतर रिचर्ड जेंकिन्स. जेंकिन्सने जवळजवळ वीस वर्षे नागपुरात काढली. बदलीच्या नोकरीत आयुष्य घालवणाऱ्या वाचकाला या आकड्याचा अर्थ वेगळा सांगावा लागणार नाही. राजे बदलले, दिवाण बदलले, रेसिडेंट राहिला. दरबारातील कोण कोणावर रुसला आहे, कोणाचे देणे थकले आहे आणि कोणाला गादीची आशा आहे, याचे टिपण त्याच्या दप्तरात होते.

रात्रीच्या सह्या

दुसरे रघुजी असेपर्यंत तैनाती फौज नागपुरात येऊ शकली नाही. मार्च १८१६ मध्ये त्यांचा मृत्यू झाला. पुत्र परसोजी राज्यकारभारास असमर्थ होते आणि चुलतभाऊ मुधोजी ऊर्फ अप्पासाहेब यांना कारभाराची सूत्रे हवी होती. दरबारातील विरोधकांवर मात करण्यासाठी त्यांना बाहेरचा आधार लागला आणि तो देण्यास जेंकिन्स तयारच होता. मे १८१६ मध्ये दरबाराच्या नकळत तह झाला. कंपनीची फौज नागपुरात राहील, तिच्यासाठी वर्षाला साडेसात लाख रुपये भोसल्यांनी द्यावेत आणि परराज्यांशी बोलणी कंपनीला विचारूनच करावीत, असे ठरले. कलकत्त्याला पंधरा वर्षांत जे साधले नव्हते, ते घरातील एका वारसाच्या घाईने काही आठवड्यांत साधले.

या तहाचा अर्थ अप्पासाहेबांना पुढच्याच वर्षी कळला. परसोजींच्या मृत्यूनंतर ते स्वतः गादीवर आले. नोव्हेंबर १८१७ मध्ये, पुण्यात पेशवे आणि इंग्रज यांच्यात युद्ध जुंपलेले असताना, पेशव्यांकडून आलेली सेनापतिपदाची वस्त्रे त्यांनी दरबार भरवून स्वीकारली. छत्रपतींच्या गादीशी असलेल्या नात्याने हा परंपरेतला मानाचा प्रसंग होता. रेसिडेंटच्या लेखी मात्र हा तहाचा भंग होता. आपल्या मित्राने आपल्या शत्रूशी उघड संबंध जोडला, असा त्याचा अर्थ त्याने लावला. २६ आणि २७ नोव्हेंबरला सीताबर्डीच्या टेकडीवर लढाई झाली. संख्येने कमी असूनही कंपनीची फौज टिकली. डिसेंबरात सक्करदऱ्याला भोसल्यांचे सैन्य मोडले.

जानेवारी १८१८ च्या तात्पुरत्या करारात गाविलगड, नर्मदेकाठचा मुलुख, सरगुजा आणि जशपूर कंपनीकडे गेले. राज्याचा मुलकी व लष्करी कारभार रेसिडेंटच्या विश्वासातील मंत्र्यांनी पाहावा, असेही त्यात लिहिले गेले. पुढे अप्पासाहेबांना कैद झाली, ते निसटले आणि १८४० मध्ये जोधपूरला परक्याच्या आश्रयाने त्यांचे आयुष्य संपले. गादीवर दुसऱ्या रघुजींचा अल्पवयीन दौहित्र बसवण्यात आला. हेच तिसरे रघुजी.

राजाच्या नावे, रेसिडेंटच्या हाते

येथून छत्तीसगडचा संबंध येतो. राजा लहान असल्याने जेंकिन्सने त्याच्या नावे राज्य चालवायला घेतले आणि प्रत्येक सुभ्यावर इंग्रज अधिकारी नेमले. छत्तीसगडसाठी आलेला कॅप्टन एडमंड्स अल्पावधीतच वारला आणि त्याच्या जागी ॲग्न्यू आला. कलचुरी राजांच्या काळापासून रतनपूर हे या प्रदेशाचे मुख्य ठाणे होते. बिंबाजी भोसले यांनीही १७५८ पासून १७८७ पर्यंत तेथेच राहून राज्य केले होते. ॲग्न्यूने ते सोडून रायपूर निवडले. कलचुरींच्या धाकट्या शाखेचे हे गाव नागपूरच्या वाटेवर आणि तुलनेने मध्यावर होते. कारभाराच्या दृष्टीने निर्णय सोयीचा होता, यात शंका नाही. परंतु सोय कोणाची, हा प्रश्न विचारला की नागपूरची रेसिडेन्सी हेच उत्तर येते.

ॲग्न्यूने परगण्यांची संख्या २७ वरून ८ वर आणली आणि पुढे बालोदची भर घालून ती ९ केली. छत्तीसगड सुभ्यावरचा त्याचा १८२० चा अहवाल अभ्यासकांना आजही चाळावा लागतो. १८२५ पर्यंत तो येथे होता. त्याच्या कारभाराला शिस्त होती, हे त्याच्या टीकाकारांनाही नाकारता येत नाही. याच शिस्तीने एक गोष्ट मात्र पक्की झाली. राजा आपले राज्य आपण चालवू शकतो, या समजुतीची गरजच उरली नाही.

१ डिसेंबर १८२६ रोजी वयात आलेल्या रघुजींशी नवा तह झाला. कारभार टप्प्याटप्प्याने परत मिळणार होता. त्यासाठी इतर मराठा सत्तांशी असलेले नाते सोडायचे, बाहेरच्यांशी व्यवहार रेसिडेंटमार्फतच करायचा, त्याचा सल्ला मानायचा आणि गैरकारभार झाल्यास कंपनीने हवा तो मुलुख ताब्यात घ्यावा, या अटी होत्या. डिसेंबर १८२९ मध्ये तह सुधारण्यात आला, राखून ठेवलेले जिल्हे परत देण्याचे ठरले आणि त्याबदली वर्षाला आठ लाख रुपये ठरले. जून १८३० मध्ये क्रॉफर्ड या अधिकाऱ्याने छत्तीसगडचा ताबा भोसल्यांचे अधिकारी कृष्णराव अप्पा यांच्याकडे दिला. मराठी कारकून पुन्हा दप्तरात बसले, मोडीत हिशेब होऊ लागले. वरवर पाहता सारे पूर्ववत झाले होते. केवळ मुख्य ठाणे रायपूरहून रतनपूरला परत गेले नाही.

अखेरचा घाव घालण्यासाठी लढाईची गरज पडली नाही. ११ डिसेंबर १८५३ रोजी तिसरे रघुजी निपुत्रिक वारले. १८१८ मध्ये जिंकलेले राज्य आम्हीच त्यांना बहाल केले होते, आता वारस नाही म्हणून ते आमच्याकडे परत आले, असा युक्तिवाद लॉर्ड डलहौसीने केला. त्याच्या टिपणात वऱ्हाड-नागपूरच्या कापसाचा आणि इंग्लंडच्या गिरण्यांच्या गरजेचाही विचार होता. गव्हर्नर जनरलच्या कौन्सिलातील जनरल जॉन लो याने या निर्णयाविरुद्ध लेखी मत दिले. ते दप्तरात राहिले. १८५४ मध्ये राज्य खालसा झाले. राजवाड्यातील हत्ती, घोडे आणि बैल लिलावात गेले, जडजवाहीर कलकत्त्याला विक्रीस गेले. नागपूरचे कागद ब्रिटिश पार्लमेंटपुढे आले, तेव्हा निर्णय होऊन गेलेला होता.

नायजरची तीन कुलुपे

या घटनांचा आणि पश्चिम आफ्रिकेचा मेळ घालताना एक मर्यादा आरंभीच मान्य केली पाहिजे. नागपूर संपले; नायजर हा १९६० पासून संयुक्त राष्ट्रसंघाचा सदस्य असलेला सार्वभौम देश आहे. त्याला कोणी खालसा करू शकत नाही. परंतु सार्वभौमत्व मिळाल्यानंतर लगेच झालेल्या करारांत जे दिले गेले, ते पाहिले की नागपूरच्या तहांची आठवण टाळता येत नाही.

३ ऑगस्ट १९६० रोजी नायजर स्वतंत्र झाला. त्याआधी दोन वर्षे, १९५८ मध्ये, फ्रान्सच्या वसाहतींना नव्या फ्रेंच समुदायात राहायचे की नाही, असे जनमताने विचारण्यात आले होते. एकट्या गिनीने ‘नाही’ म्हटले. फ्रान्सने तेथून आपले अधिकारी आणि मदत तडकाफडकी काढून घेतली. नव्याने स्वतंत्र होऊ पाहणाऱ्या शेजाऱ्यांना त्यातून मिळायचा तो धडा मिळाला. २४ एप्रिल १९६१ रोजी फ्रान्सने आयव्हरी कोस्ट, दाहोमी (आजचे बेनिन) आणि नायजर यांच्याशी संरक्षण करार केला. त्याच्या पुरवणीत लष्करी महत्त्वाच्या कच्च्या मालाची यादी होती. खनिज तेल व वायू, युरेनियम, थोरियम, लिथियम, बेरिलियम आणि हेलियम यांच्या बाबतीत फ्रान्सला प्राधान्य मिळावे, अशी तरतूद त्यात होती. संरक्षणाच्या करारात खाणी कशासाठी, हा प्रश्न डलहौसीच्या टिपणात कापूस कशासाठी, या प्रश्नाचा सख्खा भाऊ आहे.

दुसरे कुलूप चलनाचे. फ्रेंच वसाहतींसाठी डिसेंबर १९४५ मध्ये सुरू झालेला सीएफए फ्रँक स्वातंत्र्यानंतरही पश्चिम आफ्रिकेतील बहुतेक माजी वसाहतींत चालत राहिला. आज नायजरसह आठ देश तो वापरतात आणि एका युरोला ६५५.९५७ हा त्याचा दर बांधलेला आहे. या बांधिलकीमुळे महागाई आटोक्यात राहिली, हे त्याच्या समर्थकांचे म्हणणे निराधार नाही. परंतु परकीय गंगाजळीचा मोठा वाटा, अलीकडच्या काळात निम्मा, फ्रान्सच्या सरकारी खजिन्यात ठेवावा लागत असे. जानेवारी १९९४ मध्ये चलनाचे मूल्य एका रात्रीत निम्म्यावर आणले गेले, तेव्हा आयात धान्य आणि औषधे विकत घेणाऱ्या सामान्य माणसाला त्याची झळ बसली. ठेवीची अट रद्द करण्याची आणि मध्यवर्ती बँकेच्या मंडळावरून फ्रेंच प्रतिनिधी काढून घेण्याची घोषणा डिसेंबर २०१९ मध्ये झाली. बांधलेला दर मात्र कायम राहिला.

तिसरे कुलूप युरेनियमचे. वाळवंटातील आर्लीत येथे १९७१ पासून उत्खनन सुरू झाले. ‘सोमैर’ या कंपनीत फ्रान्सच्या ओरानो या सरकारी मालकीच्या उद्योगाचा ६३.४ टक्के वाटा होता, उरलेला नायजरचा. फ्रान्सच्या अणुवीज केंद्रांना या खाणींनी दशकानुदशके इंधन पुरवले आणि त्याच काळात नायजर जगातील अतिगरीब देशांच्या यादीत राहिला. पहिले अध्यक्ष हमानी दिओरी हे युरेनियमच्या वाढीव किमतीसाठी फ्रान्सशी वाटाघाटी करत असतानाच एप्रिल १९७४ मध्ये लष्कराने त्यांना पदच्युत केले. दुष्काळाने आणि भ्रष्टाचाराच्या आरोपांनी त्यांचे आसन आधीच डळमळीत झाले होते, हेही तितकेच खरे.

राजदूताला निरोप

इस्लामी दहशतवादी गटांविरुद्ध २०१३ मध्ये फ्रेंच फौजा मालीत उतरल्या, तेव्हा बामाकोत त्यांचे स्वागत झाले होते. नऊ वर्षांनी, ऑगस्ट २०२२ मध्ये, त्यांना मालीतून निघावे लागले. फेब्रुवारी २०२३ मध्ये बुर्किना फासोतून. नायजर तेवढा उरला होता आणि तेथे सुमारे दीड हजार फ्रेंच सैनिक होते. २६ जुलै २०२३ रोजी निवडून आलेले अध्यक्ष मोहम्मद बाझूम यांना त्यांच्याच रक्षकदलाने कैद केले. सत्ता हाती घेतलेल्या जनरल त्यानी यांच्या राजवटीने ३ ऑगस्टला फ्रान्सबरोबरचे लष्करी करार मोडले आणि २५ ऑगस्टला फ्रेंच राजदूताला ४८ तासांत देश सोडण्यास सांगितले.

येथे राजनैतिक कायद्याचा एक मूलभूत पेच उभा राहिला. १९६१ च्या व्हिएन्ना करारातील ९ व्या कलमान्वये कोणतेही राष्ट्र कारण न देता परकीय राजदूताला ‘नको असलेली व्यक्ती’ ठरवू शकते. २२ व्या कलमाने वकिलातीच्या आवारास संरक्षण आहे. पॅरिसचे म्हणणे असे की, बंडखोरांना हा अधिकारच नाही. कायदेशीर अध्यक्ष बाझूम हेच आहेत. नियामेचे म्हणणे असे की, देशावर ज्यांचा प्रत्यक्ष ताबा आहे, त्यांच्याशीच व्यवहार करावा लागेल. लष्करी करार मोडण्याचा हक्क कोणाला, हाही त्याच वादाचा दुसरा भाग होता. महिनाभर राजदूत वकिलातीत राहिला. त्याला जवळजवळ ओलीस धरले असून अन्नाचा पुरवठा अडवला आहे, अशी तक्रार अध्यक्ष मॅक्राँ यांनी जाहीरपणे केली. २७ सप्टेंबरला राजदूत निघाला, २२ डिसेंबरपर्यंत फौज निघाली आणि २ जानेवारी २०२४ रोजी फ्रान्सने नियामेतील वकिलात बंद केली.

तिढा पुढे खाणींपर्यंत गेला. जून २०२५ मध्ये नायजरने सोमैरचे राष्ट्रीयीकरण केले. त्याआधी जानेवारीत माली आणि बुर्किना फासोसह नायजर ‘इकोवास’ या पश्चिम आफ्रिकी देशांच्या संघटनेतून बाहेर पडला होता. फ्रान्सशी मैत्री टिकवून असलेल्या आयव्हरी कोस्टने फेब्रुवारी २०२५ मध्ये आणि सेनेगलने जुलै २०२५ मध्ये आपापले तळ परत घेतले. तेथे मात्र राजदूत हाकलावा लागला नाही, समारंभ करून ताबा देण्यात आला. दोन्ही वाटांनी फौज गेलीच. पण सेनेगलने ती मतपेटीतून आलेल्या सरकारमार्फत घालवली. मार्च २०२४ मध्ये निवडून आलेले अध्यक्ष फाय यांना तो अधिकार मतदारांनी दिला होता. पॅरिसला तेथे वैधतेचा वाद घालायला जागाच राहिली नाही.

तहात नसलेला पक्ष

या सर्व तहांत एक पक्ष कधीच नव्हता, तो म्हणजे ज्यांच्या मुलुखाविषयी तह झाले ती माणसे. छत्तीसगडमधील मराठी वाचकाने हे सांगताना स्वतःला वगळू नये. १७४१ मध्ये भास्करराम कोल्हटकर फौज घेऊन रतनपूरला आले, तेव्हा येथील हैहय राजाशी झालेला ‘समझोता’ही बरोबरीचा नव्हता. रायपूरच्या तात्यापाऱ्यासारख्या वस्त्यांतील मराठी खुणा त्या सत्तेच्या मागोमाग आलेल्या आहेत. भोसल्यांचे सुभेदार बिंबाजींच्या मृत्यूनंतर महसूल वसूल करण्यापुरतेच येथे उरले, अशी येथील इतिहासकारांची तक्रार आहे. सीताबर्डीचा पराभव नागपूरचा होता. सोनाखानच्या जमीनदाराला तो तितकासा आपला वाटण्याचे कारण नव्हते. त्या घराण्यातील नारायणसिंह दुष्काळात सावकाराचे धान्य वाटल्यावरून इंग्रजांच्या तुरुंगात गेले आणि १० डिसेंबर १८५७ रोजी रायपुरात त्यांना फाशी देण्यात आली. लागोपाठ जानेवारी १८५८ मध्ये येथील पलटणीत हनुमानसिंहाचा उठाव झाला आणि सतरा जणांना फासावर चढवण्यात आले. रेसिडेंटशी झालेल्या एकाही तहावर या माणसांची सही नव्हती.

नायजरमध्येही हाच प्रश्न अनुत्तरित आहे. फ्रेंच फौज गेल्याचा आनंद नियामेच्या रस्त्यांवर खरा होता. परंतु ती घालवणाऱ्यांनी निवडून आलेल्या अध्यक्षाला कोंडले, पक्ष बरखास्त केले आणि मार्च २०२५ मध्ये जनरल त्यानी यांनी पाच वर्षांसाठी अध्यक्षपदाची शपथ घेतली. एप्रिल २०२४ मध्ये रशियाचे लष्करी प्रशिक्षक नियामेत उतरले. त्याच वर्षी अमेरिकी सैन्य निघून गेले. जुना पाहुणा गेला, नवा आला आणि त्याच्याशी झालेल्या कराराची कलमे लोकांपुढे ठेवलेली नाहीत. १८१६ चा नागपूरचा तह दरबाराच्या नकळत झाला होता. फ्रान्सच्या जुन्या संरक्षण करारांतही गुप्त कलमे होती. ते करार नव्याने करून प्रसिद्ध केले जातील, अशी घोषणा अध्यक्ष सार्कोझी यांना २००८ मध्ये केप टाऊन येथे करावी लागली. त्याच वर्षीच्या घटनादुरुस्तीने परदेशी लष्करी कारवाई चार महिन्यांहून लांबल्यास फ्रेंच संसदेची संमती बंधनकारक झाली. भारताच्या घटनेत मात्र करार करण्याचा अधिकार कार्यकारी मंडळाचा आहे आणि संसदेच्या मंजुरीची सर्वसाधारण अट नाही. प्रश्न विचारण्याची जबाबदारी त्यामुळे आपल्याकडे खासदारांच्या जागरूकतेवर अधिक पडते.

भिलाईचे उदाहरण

बलाढ्य देशाशी करार केला की गुलामी आलीच, असा निष्कर्ष यातून काढणे चुकीचे ठरेल. त्याचा प्रतिदाखला रायपूरपासून तीसेक किलोमीटरवर उभा आहे. २ फेब्रुवारी १९५५ रोजी भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यात भिलाईच्या पोलाद कारखान्याचा करार झाला. दहा लाख टनांची आरंभीची क्षमता, अडीच टक्के व्याजाचे कर्ज, बारा वार्षिक हप्त्यांत फेड. यंत्रे आणि तज्ज्ञ सोव्हिएत संघाचे, मालकी मात्र भारत सरकारची. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिली झोतभट्टी सुरू झाली. रशियन तज्ज्ञ आले, भारतीय अभियंत्यांना शिकवले आणि परत गेले. भिलाईच्या वसाहतींत त्या काळी नोकरीसाठी विदर्भातून आलेल्या मराठी कुटुंबांनी हे प्रत्यक्ष पाहिलेले आहे. सोव्हिएत संघ १९९१ मध्ये विसर्जित झाला; कारखाना चालूच राहिला.

भिलाई आणि आर्लीत यांत फरक पैशाचा किंवा सदिच्छेचा नव्हता. करार संपवण्याची वाट करारातच आहे काय, हिशेबाची वही कोणाच्या खजिन्यात राहते आणि कलमे वाचायला कोणाला मिळतात, या तीन ठिकाणी तो होता. नवा रायपूरच्या मंत्रालयात फायली हाताळणाऱ्यांना हे प्रश्न पुस्तकी वाटू नयेत. १९६१ च्या त्या फ्रेंच पुरवणीतले लिथियम आता छत्तीसगडमध्येही सापडले आहे आणि कोरबा जिल्ह्यातील कटघोरा पट्ट्याचा लिलाव २०२४ मध्ये झाला. येथे परकी रेसिडेंट नाही, हे खरे. परंतु ज्यांच्या जमिनीखाली खनिज आहे, त्यांना करारात स्थान किती, हा प्रश्न देशी व्यवहारातही उरतोच.

शिवाय भारताची जागाही आता बदलली आहे. जानेवारी २०२० मध्ये नियामे येथे भारताने बांधून दिलेल्या महात्मा गांधी आंतरराष्ट्रीय परिषद केंद्राचे उद्घाटन झाले. सप्टेंबर २०२३ मध्ये दिल्लीच्या परिषदेत आफ्रिकी संघाला जी-२० चे सदस्यत्व मिळाले, ते भारताच्या पुढाकाराने. राजदूत नियामेत कोंडलेला असतानाचेच ते दिवस होते. आफ्रिकेत कर्ज, यंत्रे, औषधे आणि तज्ज्ञ घेऊन जाणाऱ्या देशांत भारत आता मोडतो. दोनशे वर्षांपूर्वी नागपूरचा दरबार टेबलाच्या ज्या बाजूला बसला होता, तिच्यासमोरच्या बाजूला बसण्याची वेळ भारतीय अधिकाऱ्यांवर अनेक राजधान्यांत येते आहे. तेथे बसताना त्यांनी हाती देवगावचा तह ठेवायचा की भिलाईचा करार, याचा निर्णय दिल्लीत होईल. रायपूरकडे दोन्हींचा अनुभव आहे.